भयाचा आश्रय : एका नाटकाचे दोन प्रयोग

१

१९९३ सालच्या नोव्हेंबरात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत मी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले एक दोन अंकी नाटक सादर झाले. त्याचे कथानक थोडक्यात असे होते. गोदाकाठच्या एका गावात, पडक्या वाड्यात, एक माणूस राहतो. त्याने अन्न सोडले आहे. आपल्याला पोट नाही आणि म्हणून मरणही नाही, असे तो सांगतो. घरची माणसे प्रथम त्याला घाबरतात, मग त्याच्या अमरत्वावर जगू लागतात आणि शेवटी एकामागून एक मरून जातात. तो मात्र उरतो. पडदा पडतो तेव्हा ओसाड वाड्यात त्याचे हसणे तेवढे ऐकू येत असते.

प्रयोग, ज्याला आपण रंगला म्हणतो, तसा रंगला. पहिल्या अंकात घुबडाचा घूत्कार आणि दाराची करकर होती. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर एक दीर्घ ब्लॅकआउट घेतला होता. त्यानंतर काळ्या पडद्याला पाडलेल्या भोकातून बाहेर आलेले नायकाचे नुसते मस्तक हिरव्या प्रकाशात दिसे, आणि ते बोलू लागे. त्या क्षणी प्रेक्षागृहात दोन-तीन किंकाळ्या उठल्या. विंगेत उभ्या असलेल्या मला त्या किंकाळ्यांनी कृतकृत्य वाटले, हे आज कबूल केले पाहिजे. पुढे निकालात प्रकाशयोजनेचे पारितोषिकही आमच्या संघाला मिळाले.

प्रयोगाला माझी मामी आली होती. राहुरी तालुक्यातल्या आमच्या आजोळाहून ती एस.टी.ने एकटी आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. नाटक संपल्यावर रंगपटाच्या दाराशी आली. आत मुले एकमेकांचा मेकअप पुसत होती, कोणीतरी नायकाच्या हसण्याची नक्कल करीत होते. मामी म्हणाली, "चांगलं केलंस बाळा. लोकं लई भ्याली." मग थोडे थांबून म्हणाली, "पण तुझे मामा असं कधी हसले नाहीत रे. ते बोलायचे तेच इतकं हळू, की मला त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागायचा." मी काहीतरी बोलू पाहत होतो. तेवढ्यात ती पिशवी उचलत म्हणाली, "भ्यायचे ते. आम्ही कुठं भ्यायचो त्यांना?" आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून निघून गेली.

हे नाटक मामांवरून सुचले आहे, असे मी कोणालाच सांगितले नव्हते. नटांना नाही, मामीला तर नाहीच. तिने ते ओळखले होते. मधल्या वर्षांत रसविचार आणि रंगभूमी या विषयांवर मी बरेच शिकवले, थोडेफार लिहिलेही. परंतु मामीच्या त्या तीन-चार वाक्यांतील नाट्यसमीक्षा मला उलगडायला पुढची एकोणीस वर्षे लागली. प्रस्तुत लेख हा त्या उलगड्याचा वृत्तान्त आहे.

२

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. वडिलांच्या नोकरीचे काही खरे नव्हते, म्हणून आई आम्हा भावंडांना घेऊन आजोळी राहिली होती. मामांची विहीर आटली होती, बैलजोडी विकून झाली होती. मामी आणि आजी खडी फोडायला दुष्काळी कामावर जात. आम्हा मुलांना तिथे सुकडी मिळे. घरात लाल मिलोच्या भाकरी होत, त्या कोणालाच आवडत नसत आणि सगळे खात असत.

मामा आधी अबोल झाले. मग रात्रभर ओट्यावर बसून राहू लागले. नंतर एके दिवशी त्यांनी पुढ्यातले ताट सरकवले आणि आपल्याला पोट नाही असे सांगितले. ते रागाने बोलले नव्हते. घरात मीठ संपले आहे असे सांगावे, त्या सुरात बोलले होते. पुढे आतडी नाहीत, रक्त नाही, असे होत होत एक दिवस ते म्हणाले, की आता मरायलाही काही शिल्लक नाही, तेव्हा मी असाच राहणार.

जिथे सगळे गाव अन्नासाठी रांगेत उभे आहे, तिथे एक माणूस खात नाही आणि तरी मरत नाही, ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी शेजारपाजारचे लोक आले, मग आसपासच्या वस्त्यांवरून येऊ लागले. कोणी पाया पडे, कोणी नारळ ठेवी, कोणी पाऊस कधी येणार असे विचारी. मामा भिंतीकडे पाहत असत. रात्री दार लावून घेतल्यावर मामी त्यांच्या ओठांना वाटीतली आंबील लावी. बोटाने, थेंबाथेंबाने, कधी तासभर. अमरत्वाचे रहस्य ते इतकेच होते. ते बाहेर कोणाला सांगितले गेले नाही. आलेल्या नारळांचे खोबरे आम्ही मुलांनी खाल्ले. ते खोबरे गोड लागत होते, हेही माझ्या लक्षात आहे.

वर्ष संपण्याच्या सुमारास आईच्या एका चुलतभावाने मामांना पुण्याच्या एका रुग्णालयात नेले. तिथे विद्युतोपचार झाले. दोन महिन्यांनी मामा परत आले ते वाळलेले, काहीसे विसराळू. पण जेवत होते. त्यानंतर ते सोळा वर्षे जगले. शेती केली, माझ्या मुंजीत आणि पुढे लग्नात पंगती वाढल्या. त्या दिवसांविषयी ते कधी बोलले नाहीत. एकदाच, मी महाविद्यालयात असताना, उसाला पाणी देता देता त्यांनी आपण होऊन सांगितले, "मरायचं भय नव्हतं. हे संपणारच नाही, याचं होतं."

१९८८ मध्ये मामा गेले. पाच वर्षांनी मी नाटक लिहिले आणि त्यात हा माणूस वाड्यात हसत ठेवला.

३

मामांचा अनुभव मी मस्तकाच्या चमत्कृतीत कसा बदलला, याचा शोध घेताना मला आमच्या जिल्ह्याच्या भूगोलाकडे वळावे लागते. हा भूगोल अमरत्वाच्या कथांनी इतका व्यापलेला आहे, की इथल्या लेखकाला त्या कथा सुचत नाहीत. त्या आधीपासूनच त्याच्या मनात बसलेल्या असतात.

प्रवरेला इथे अमृतवाहिनी म्हणतात. तिच्या काठी नेवाशाला मोहिनीराजाचे मंदिर आहे. समुद्रमंथनानंतर मोहिनीरूप घेतलेल्या विष्णूने अमृत वाटले ते इथेच, अशी स्थानिक श्रद्धा आहे. देवांच्या पंक्तीत चोरून बसलेल्या राहूचा शिरच्छेद झाला. त्याचे शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते पलीकडच्या तीरावरचे कायगाव, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकेल की नाही, हा येथे प्रश्न नाही. अमृत गळ्यापर्यंतच पोचल्यामुळे शिर अमर झाले आणि धड मेले, ही कल्पना भयनाट्याच्या दृष्टीने विलक्षण आहे. राहू सूर्य गिळतो, पण त्याला पोट नाही. गिळलेले कंठातून बाहेर येते. त्याची भूक अमर आहे, तृप्ती मात्र अशक्य आहे. राहुरी तालुक्यातला एक माणूस मला पोट नाही, म्हणून मरण नाही, असे म्हणाला तेव्हा त्याच्या मनात राहू होता काय, हे कोणी सांगू शकणार नाही. पण ते नाटकात आणताना माझ्या मनात राहू निश्चित होता. काळ्या पडद्यातले ते मस्तक तिथूनच आले.

याच नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिथल्या खांबावर दुर्गाबाई भागवतांनी 'पैस'मध्ये जे चिंतन केले आहे, ते वाचकांना परिचित आहे. ज्ञानेश्वरांच्या कथेला जोडूनच चांगदेवाची कथा येते आणि तिचाही एक धागा याच जिल्ह्यात, राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याला येऊन पोचतो. तिथे गोदावरीच्या काठी चांगदेवाची समाधी आहे. चांगदेव नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती असाव्यात, असे संशोधक मानतात. लोकमनातला चांगदेव मात्र एकच आहे : काळ न्यायला आला की प्राण ब्रह्मांडी चढवून बसणारा, काळाला रिक्त हस्ते परत धाडणारा आणि असे करीत चौदाशे वर्षे जगलेला. संतचरित्रकार महिपती हे राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. त्यांच्या 'भक्तविजया'तून (१७६२) ही संतमंडळी घरोघरी पोचली. ज्ञानेश्वरांना काय मायना लिहावा हे न सुचून चांगदेवाने कोरे पत्र पाठवले आणि ते पाहून मुक्ताबाईने, चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा अभिप्राय दिला, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. त्या एका अभिप्रायात चौदाशे वर्षांचे वजन उतरते. दीर्घायुष्याचा एवढा निर्भय आणि एवढा घरगुती पराभव अन्यत्र क्वचितच आढळेल.

आणखी एक संदर्भ अलीकडचा आहे. १९३६ साली मेहेरबाबांनी राहुरीतच वेड्यांसाठी आश्रम काढला आणि पुढच्या वर्षी तो मेहेराबादला हलवला. ईश्वरप्रेमाने देहभान हरपलेले 'मस्त' आणि मनोरुग्ण यांत मेहेरबाबा भेद करीत. विल्यम डाँकिन या त्यांच्या डॉक्टर अनुयायाने अशा मस्तांच्या भेटींची तपशीलवार नोंद पुढे ग्रंथरूपाने (१९४८) केली. मेहेरबाबांनी ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवला. तो दिवस मेहेराबादला 'अमरतिथी' म्हणून पाळला जातो. मृत्यूच्या दिवसाला अमर हे विशेषण लावणाऱ्या या भूमीत माझ्या नायकाला अमर करणे हा मोठा कल्पनाविलास नव्हता. तो इथला सहजभाव होता.

तथापि, राहुरीच्या आश्रमातली एक गोष्ट मी १९९३ मध्ये वाचूनही दुर्लक्षिली होती. मेहेरबाबा तिथल्या लोकांना स्वतः अंघोळ घालीत, जेवू घालीत. वेड दैवी की रोगाचे, हा भेद पुढचा. त्याआधी माणसाच्या अंगावर पाणी पडले पाहिजे, पोटात अन्न गेले पाहिजे. त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० साली अद्भुतकथेचे लक्षण सांगताना वाचकाच्या दोलायमान अवस्थेवर भर दिला होता : घडते ते अलौकिक की भास, हा निर्णय होत नाही तोवरच अद्भुत टिकते. माझे नाटक या दोलायमानतेवर उभे होते आणि मला त्याचा अभिमान होता. आज असे वाटते, की ही दोलायमानता प्रेक्षकाला परवडते. संध्याकाळी वाटीत आंबील घेऊन बसलेल्या बाईपुढे तो पर्याय नसतो.

४

आता मामीच्या वाक्याकडे येतो. 'भ्यायचे ते' या उद्गाराचा शास्त्रीय परिभाषेत अनुवाद करायचा, तर तो असा होईल : माझ्या नाटकात भयाचा आलंबन आणि भयाचा आश्रय यांची अदलाबदल झाली होती.

उत्तरकालीन रसचर्चेतील ही संज्ञाद्वयी आपण वर्गात नेहमी शिकवतो. ज्याच्याविषयी भाव उत्पन्न होतो तो आलंबन, ज्याच्या ठायी तो उत्पन्न होतो तो आश्रय. वाघ हा आलंबन, वाघाला पाहून पळणारा हा आश्रय. माझ्या १९९३ च्या प्रयोगात रुग्ण हा वाघ होता. घरची माणसे, आणि त्यांच्याद्वारे प्रेक्षक, हे आश्रय होते. मामीच्या अनुभवात मामा आश्रय होते आणि त्यांच्या भयाचा आलंबन डोळ्यांना दिसत नव्हता : न संपणे हाच तो आलंबन होता. रुग्णाला आलंबनाच्या जागेवरून उचलून आश्रयाच्या जागी बसवणे, एवढाच बदल आवश्यक होता. पण तो केल्यावर प्रकाश, ध्वनी, अभिनय, नेपथ्य यांतले काहीच पूर्वीसारखे राहू शकत नव्हते.

भरताकडे पुन्हा गेल्यावर याच बाबतीत काही गोष्टी नव्याने दिसल्या. विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, घुबडे आणि कोल्ही, ओसाड घर, अरण्य, हे भयानकाचे विभाव नाट्यशास्त्राने दिलेले आहेत. माझ्या पहिल्या अंकाची ध्वनिफीत जणू त्या यादीवरूनच तयार केली होती. उन्मादाचा अभिनय कसा करावा, तेही तिथे आहे : अकारण हसणे, रडणे, ओरडणे, धावणे, नाचणे, अंगाला राख-माती फासणे, चिंध्या आणि निर्माल्य अंगावर मिरवणे. माझ्या नटाने नाट्यशास्त्र वाचलेले नव्हते. तरी तो हे सर्व करीत होता. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा संकेत संगीत नाटकातून, लोकनाट्यातून आणि पुढे चित्रपटातून त्याच्यापर्यंत पोचला होता. संकेत असणे हा दोष नव्हे. परंतु या संकेतात उन्माद हा सदैव पाहिला जातो, बाहेरून पाहिला जातो. मामांचा आजार आवाज कमी कमी करीत जाणारा होता. त्या आजारासाठी संकेतात जागाच नव्हती.

त्याच वेळी, भरताची एक व्यवस्था मला विलक्षण अर्थपूर्ण वाटू लागली. उन्माद हा स्थायी भाव नाही. तो तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक आहे, म्हणजे येणारा आणि जाणारा. मरण हाही त्याच तेहतीसांत आहे. वेड येते आणि जाते, मरण येते आणि नाट्य पुढे चालते; स्थायी असते ते भय, शोक, रती. मनोविश्लेषणात्मक भयनाट्य, विशेषतः अमरत्वाचे भयनाट्य, ही व्यवस्था मोडू पाहते. त्यात उन्माद जात नाही आणि मरण येत नाही. दोन व्यभिचारी भाव आपापले काम करायचे थांबतात आणि म्हणून सगळेच अडून राहते. या प्रकाराची खरी भीषणता इथे आहे, मस्तकाच्या युक्तीत नाही.

वैद्यकशास्त्राची साक्ष मी फार उशिरा काढली. ज्यूल कोतार या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने जून १८८० मध्ये पॅरिसमध्ये एका त्रेचाळीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीची हकीकत मांडली. आपल्याला मेंदू नाही, मज्जा नाहीत, छाती नाही, पोट नाही, उरली आहेत ती फक्त कातडी आणि हाडे, असे ती सांगे. आपण चिरंतन आहोत, तेव्हा जगायला अन्नाची गरज नाही आणि नैसर्गिक मरण येणार नाही, असेही तिचे म्हणणे होते. कोतारने याला नकाराचा भ्रम म्हटले. पुढे हा विकार त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण पॅरिसच्या त्या बाईचे शब्द आणि आमच्या ओट्यावरचे शब्द जवळपास एकच होते. ती राहुरीची नव्हती आणि तिने राहूची कथा ऐकलेली नव्हती. अमरत्व ही इथे सिद्धी नाही, शापही नाही; तीव्र विषादाचे ते एक लक्षण आहे. तापात जसे अंग भाजते, तसा या विषादात काळ संपेनासा होतो.

याचा नाट्यदृष्ट्या एक गंभीर अर्थ निघतो. हे कधीच संपणार नाही, असे रोग म्हणतो आणि रोगी त्यावर विश्वास ठेवतो. परंतु रोगाचे हे म्हणणे खोटे असते. मामांचे संपले. ते सोळा वर्षे भाकरी खाऊन जगले आणि मग चारचौघांसारखे मेले. माझ्या नाटकाने मात्र पडदा पडेपर्यंत आणि पडल्यानंतरही ते संपू दिले नाही. एका माणसाच्या दुःखावरून लिहिताना मी त्याच्या रोगाची बाजू घेतली होती. विद्युतोपचाराचा प्रसंगही मी निळ्या झगझगाटात, किंकाळीसह, छळ म्हणून दाखवला होता. भूल आणि स्नायू शिथिल करणारी औषधे न देता हा उपचार करण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आता बंदी आहे आणि ते योग्यच झाले. पण ज्या उपचाराने मामांना ताटापाशी परत आणले, त्याचे मी भूत केले होते, हे विसरता येत नाही.

मराठी रंगभूमीवर याहून प्रगल्भ उदाहरण माझ्यासमोर नव्हते, असेही म्हणता येत नाही. जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली १९७७ मध्ये रंगभूमीवर आले. पुण्यात शिकत असताना मी ते पाहिले. त्या वाड्यात वेड पिढीजात आहे. पण तिथले मुख्य भय घरच्यांना वाटणारे नाही. ते स्वतः बॅरिस्टरचे आहे, आपल्यालाही ते गाठणार हे. विक्रम गोखले यांची त्या भूमिकेतली पाठ मला अजून आठवते. म्हणजे आश्रय कुठे असावा, हे दळवींनी दाखवून ठेवले होते. तसेच सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव कीर्तन करीत राहतात. न संपण्याची भीषणता आपल्याच प्रयोगपरंपरेतल्या एखाद्या प्रकारातून, तीही हसत, कशी हाताळता येते, याचा तो वस्तुपाठ होता. मी दोन्ही नाटके पाहिली, त्यांवर वर्गात बोललो आणि स्पर्धेच्या रंगमंचावर मात्र घुबड आणले. भय दुसऱ्याला वाटायला लावण्यात जी सत्ता असते, तिचा मोह अभ्यासाने सुटत नाही.

कारेल चापेकच्या 'माक्रोपुलोस प्रकरण' (१९२२) या नाटकाचा उल्लेखही इथे आवश्यक आहे. त्यातली गायिका तीनशे सदतीस वर्षांची आहे आणि तिला आता कशातच रस उरलेला नाही. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी त्यावरून अमरत्वाच्या कंटाळ्याची मीमांसा केली. मला त्या नाटकाचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटतो. अमरत्वाचा कागद अखेर क्रिस्टिना ही तरुण मुलगी जाळून टाकते. पुणतांब्याच्या चांगदेवासमोर मुक्ताबाई आणि प्रागच्या गायिकेसमोर क्रिस्टिना : दोन्हीकडे अमरत्वाला न भिणारी एक मुलगीच कागदाचा निकाल लावते. या साम्यातून सिद्धान्त काढण्याची मला घाई नाही. पण दुसऱ्या प्रयोगाची वाट तिथून दिसली.

५

दुसरा प्रयोग २०१२ च्या फेब्रुवारीत झाला. स्पर्धेसाठी नाही, नगरमधल्याच एका महाविद्यालयाच्या लांबट खोलीत, दोन्ही भिंतींशी चाळीस-चाळीस खुर्च्या लावून. संहिता जवळजवळ नवी होती. वाडा गेला, घुबड गेले, मस्तक गेले. मधल्या मोकळ्या जागेत एक ओटा, एक वाटी आणि वरून लोंबणारा एक पिवळा दिवा एवढेच नेपथ्य होते. साल १९७२ असे उघडच ठेवले.

गावाचा आवाज कीर्तनकाराच्या रूपाने आला. तो खोलीच्या एका टोकाला उभा राहून चांगदेवाचे आख्यान लावतो, रंगवत नेतो आणि मधूनमधून ओट्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून त्याला आख्यानात ओढून घेतो. लोक टाळ्या देतात, नारळ ठेवतात. ओट्यावरचा माणूस काही करीत नाही. अमरत्व ही त्याची कृती नसून त्याच्यावर लादलेले निरूपण आहे, हे यातून आपोआप स्पष्ट होऊ लागले. आख्यान मुक्ताबाईच्या कोऱ्या पत्रापर्यंत आले की कीर्तनकार थबके. कारण तिचे वाक्य खरे मानले, तर त्याच्या समोरचा चमत्कार संपतो. तिथे आम्ही कीर्तन तोडले.

एका परिचित मनोविकारतज्ज्ञांनी तालमी पाहिल्या. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, हा माणूस हळू करा, आणखी हळू. तो हात उचलतो तेव्हा हात जड आहे असे नव्हे, हात उचलण्याचे कारणच त्याला सापडत नाही, असे दिसले पाहिजे. दुसरी, तो बरा होऊ शकतो, ही शक्यता प्रेक्षकांपासून लपवू नका. पहिली सूचना नटाने पाळली. तो दिवसा बँकेत काम करणारा, ऐन चाळिशीतला, आवाजाचा धनी होता. सहा आठवडे त्याने फक्त आवाज कमी करण्याचा सराव केला. दुसरी सूचना पाळणे लेखक म्हणून मला कठीण गेले. बरे होणे दाखवले की भय विरते, असे माझ्यातला जुना दिग्दर्शक सांगत होता. शेवटी आम्ही बरे होणे दाखवले नाही, पण शेवटचा प्रवेश ताटापाशी आणला. बायको वाटी घेऊन येते, बोटाने त्याच्या ओठांना आंबील लावते, मग सहज म्हणते की आज मीठ कमी पडले आहे. बऱ्याच वेळाने तो घोट गिळतो. दिवा जळतच राहतो. काळोख करायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते.

मामी तेव्हा हयात नव्हती. तिने हा प्रयोग पाहिला असता तर काय म्हटले असते, याची कल्पना करण्याचा मला अधिकार नाही. पूर्वी एकदा मी तिच्या घराची कल्पना करून चूक केलेली आहे. हा लेख लिहितानाही तोच प्रश्न माझ्यापुढे आहे. मामांचे दुःख मी पुन्हा एकदा, आता विवेचनाच्या नावाखाली, वापरत आहे काय? याला माझ्याजवळ निःशंक उत्तर नाही. पहिल्या प्रयोगाचा हिशोब द्यायचा, तर तो लपवून देता येत नव्हता, एवढेच म्हणू शकतो.

प्रयोगानंतरच्या चर्चेत पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थ्याने स्पष्ट विचारले, की सर, याला तुम्ही भयनाट्य म्हणता, पण आम्हाला भीती कुठे वाटली? त्याची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. या प्रयोगात कोणी किंचाळले नाही. भयानक रसाची निष्पत्ती झाली की करुणाची, हा प्रश्न मी परीक्षेत घालू शकेन, पण स्वतः सोडवू शकेन असे वाटत नाही. मी त्याला फक्त तालमीतली एक अडचण सांगितली. शेवटच्या प्रवेशात नायकाची चार वाक्ये होती. नट ती इतक्या हळू बोले, की दुसऱ्या रांगेच्या पुढे ती पोचत नसत. आवाज वाढवावा काय, यावर आमचा आठवडाभर वाद झाला. अखेर वाढवायचा नाही असे ठरले. बायको तिचा कान त्याच्या तोंडापाशी नेईल आणि ऐकेल, बाकीच्यांना ऐकू आले नाही तरी चालेल.

प्रयोगाच्या रात्री मी दाराशी उभा होतो. ती चार वाक्ये आली तेव्हा मला दोन्ही भिंतींशी बसलेले लोक दिसत होते. १९९३ मध्ये मस्तक दिसल्यावर प्रेक्षक खुर्चीत मागे सरकले होते. या वेळी दोन्ही बाजूंच्या मागच्या रांगांतले बरेच जण पुढे वाकले होते आणि एका बाईने हाताचा द्रोण करून कानामागे धरला होता.